भुरीने आपटलेला पाय

वानरं झाडावर आणि हरणं झाडाखाली जेवायची, त्या काळातली ही गोष्ट. बिबट्या दिसला की राखणीचं वानर ‘खक्क’ असं ओरडायचं आणि सगळी टोळी शेंड्याकडे पळायची. त्या पळापळीत पिकली टेंभरं खाली पडायची. बिबट्या हात हलवत परत गेला की मागाहून आलेल्या हरणांना ती आयती मिळायची. हरणांनी तो शब्द उचलला. त्यांच्यात ‘खक्क’ म्हणजे ‘चला, जेवायला पडलंय’.

एके दुपारी भुरी वानरी राखणीला होती. तिची पोरं खाली ओढ्यावर पाणी पीत होती, आणि पलीकडच्या गवतात बिबट्या दबा धरून होता. ओरडावं, तर कुरणात चरणारी गाभण हरिणी थेट त्याच्या तोंडी येणार. गप्प राहावं, तर पोरं जाणार.

ती ‘खक्क’ ओरडली. पोरं झाडावर चढली. हरिणी खरोखरच धावत निघाली. तशी भुरीने खाली उडी घेतली आणि घाबरलेली हरणं आपटतात तसा जमिनीवर पाय आपटला, पुन्हा पुन्हा आपटला. हरिणी थबकली आणि उलटी पळाली. भुरी कशीबशी झाडावर पोचली.

“शब्द आपला. त्यांनी तो बिघडवला,” म्हातारा सासरा खेकसला. “तू कशाला खाली उतरलीस?”

“शब्द आपलाच, मामंजी,” भुरी म्हणाली, “पण कान तिचे होते.”

दुसऱ्या दिवशी राखणीला म्हातारा होता. तो ‘खक्क’ ओरडला, कोणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं आणि फांदीवर जोरात पाय आपटला.