निर्दोष माणूस पळत नाही

“मग ती पळाली कशाला, बाबा? काही केलं नव्हतं तर पळाली कशाला?”

न्यायाधीश हिरामण भोसले आले की आधी खटलाच काढत. गावाबाहेरच्या तकियात, आपल्या फकिरी मठीत, लतीफबाबा ओसरीवर बसून शेळीला पाला भरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण पळाली?”

“रेशमा. पारधीण आहे. बाजारात एका बाईची सोन्याची पोत गेली. पोलीस दिसले आणि ही पळत सुटली. पोत गवतात मिळाली, हिच्याकडे नाही. चोरताना कुणी पाहिलेलं नाही. उद्या निकाल द्यायचाय.”

“काय देणार?”

“शिक्षा. निर्दोष माणूस पळत नाही.”

“हे कोण म्हणतं?”

“कुणी म्हणायला कशाला हवं? सगळ्यांना माहीत असतं.”

“सगळ्यांना?”

भोसल्यांनी नाकावरचा चष्मा नीट केला.

गावात त्यांना सलाम सगळे करत, घरी जेवायला कुणी बोलवत नसे. बोलावलं असतं तरी ते गेले नसते. जेवता जेवता लोक गाव विचारतात, मग आजोळ विचारतात. भोसले आडनाव ऐकून लोक मराठा समजत; त्यावर आजवर निभावलं होतं. त्यांचा जन्म पारध्याच्या पालात झाला, हे इथे एकट्या बाबांना ठाऊक होतं. फार एकटा माणूस. आणि त्या एकटेपणालाच तो निःपक्षपातीपणा म्हणायचा.

“माझं जे आहे ते मी कोर्टाबाहेर ठेवतो, बाबा. खुर्चीवर बसलो की मला जात नाही, आई नाही, लहानपण नाही.”

“आणि सगळ्यांना जे माहीत असतं, ते?”

“ते काय?”

“ते खुर्चीवर चालतं?”

“ते वेगळं, बाबा. तो साधा व्यवहार झाला.”

बाबांनी पाला खाली ठेवला. भोसल्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि एकदम ओरडले,

“पोलीस आले!”

शेळी दचकली…

भोसले मागच्या कुंपणापाशी होते. एक पाय पलीकडे, पँट काट्यांत अडकलेली. चष्मा ओसरीवरच पडला होता. रस्ता मोकळा होता. त्यांचा कोर्टातला शिपाई गाडीला टेकून डुलक्या काढत होता.

पाय मागे घ्यायचंही त्यांना सुचेना.

बाबांनी चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला आणि कुंपणापाशी जाऊन त्यांच्या हातात दिला.

“बेटा,” ते हळूच म्हणाले, “तू काय चोरलं होतंस?”