माजी सैनिकांचा बाक

साताऱ्याकडच्या एका मोठ्या इस्पितळात माजी सैनिकांसाठी वेगळा बाक होता आणि त्यांचा नंबर आधी लागे. सरपंच रावसाहेब निकम गुडघा चोळत साध्या रांगेत उभे होते. बाकावर आपला वर्गमित्र, हवालदार सोपान जगदाळे, ऐटीत बसलेला पाहून त्यांच्या गुडघ्यापेक्षा पोटातच जास्त दुखू लागलं. गावात झेंडावंदनाचा मान याला आणि इथंही हाच पुढं.

"सोपाना, लेका, सगळीकडं तुझेच लाड," ते साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "आज तुझा नंबर मला दे."

सोपान लगेच कुबडी टेकून एका पायावर उभा राहिला.

"या, बसा सरपंच. आत नव्या पायाचं माप घेतायत. तेवढा तुमचा जुना काढून ठेवा."

रावसाहेबांनी दोन्ही हातांनी गुडघा घट्ट धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.