वाफ थांबेपर्यंत

"हिरवा दिवा लागल्यावरही उघडायचं नाही, मग उघडायचं तरी कधी?"

सबनीस बाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

 सिस्टर सलोमींचा हात टेबलावरून सरकत सरकत वॉफल मेकरपर्यंत गेला, झाकणावरून फिरला आणि कडेशी थांबला.

"यंत्र अजून गार आहे, बाई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच तापलात."

संगमनेरच्या अलीकडे, उसाच्या शेतांत एक छोटा कॉन्व्हेंट आहे. त्याच्या स्वयंपाकघरात हे बोलणं चाललं होतं. कुमुदिनी सबनीस नाशिकहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेलं, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही असं त्या काळात फारसं झालं नव्हतं.

सिस्टर सलोमींचं वय ब्याऐंशी. जन्म याच पंचक्रोशीतला. तेविसाव्या वर्षी त्या बेल्जियमला गेल्या आणि ब्रुजजवळच्या एका मठाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबल्या. दर रविवारी साठ माणसांसाठी वॉफल, म्हणजे तिकडचे दोन्ही बाजूंनी भाजलेले चौकड्यांचे जाड घावन, करायचे, तेही लांब दांड्याच्या बिडाच्या साच्यात, शेगडीवर. आता काचबिंदूनं डोळे गेले होते. खिडकी कुठे आहे तेवढं उजेडावरून कळायचं.

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी इथल्या दवाखान्यात नर्स होती. तिनं सिस्टरांचं नाव सांगितलं होतं.

बाईंनी सगळा सरंजाम बरोबर आणला होता. खोक्यासकट वॉफल मेकर, वजनकाटा, दुधात बुडवायचा थर्मामीटर आणि एक वही. वहीत सतरा प्रयोगांची नोंद होती. किती ग्रॅम मैदा, किती मिनिटं, किती सेकंद. सतराही वेळा एकच झालं होतं. झाकण उघडलं की वॉफलचे मधोमध दोन तुकडे. अर्धा वर चिकटलेला, अर्धा खाली.

बाईंनी वही वाचून दाखवली. सिस्टरांनी सगळी ऐकून घेतली.

"कोणासाठी करताय?"

"सुनेसाठी."

"तिनं मागितलेत?"

"नाही."

सिस्टरांनी मान हलवली. "दूध कोमट करा."

बाईंनी पातेल्यात थर्मामीटर सोडला आणि जरा ओशाळून सांगितलं की अंदाजानं करणं आपल्याला जमत नाही. सिस्टर म्हणाल्या, असू द्या, चांगली वस्तू आहे. कोमट दुधात यीस्ट आणि चिमूटभर साखर पडली. ते फसफसून वर आलं तसा मैदा, मीठ, वितळलेलं लोणी, अंड्यांचा पिवळा बलक. पांढरा भाग वेगळा फेसून, शेवटी हलक्या हातानं वरखाली केलेला. सिस्टर बोटानं पीठ चाखत होत्या, चमच्यावरून ते कसं पडतं त्याचा आवाज ऐकत होत्या.

मग पातेल्यावर फडकं टाकून त्या बाकावर बसल्या.

"आता तासभर काही करायचं नाही."

बाईही बसल्या. त्यांना काही न करता बसायची सवय नव्हती. पाच मिनिटांनी त्यांनी उठून फडकं नीट केलं. दहा मिनिटांनी वही उघडली, मिटली. सिस्टर भिंतीला टेकून शांत बसल्या होत्या.

आणि मग, कोणी काही विचारलेलं नसताना, बाई बोलायला लागल्या.

सुनेचं नाव लीसबेथ. बेल्जियममधल्या गेंटजवळच्या एका गावातली. मुलानं, अमोघनं, तिकडेच लग्न ठरवलं तेव्हा बाईंनी दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. लग्नाला त्या गेल्या नाहीत. त्याच सुमारास लीसबेथच्या आईचं पत्र आलं. दोन पानं, इंग्रजीत, हातानं लिहिलेलं. आमच्याकडे या, तुमची खोली तयार आहे, असं. बाईंनी ते वाचून कपाटात ठेवलं. उत्तर लिहिलं नाही.

पुढे मुलगा-सून नाशिकला राहायला आली. लीसबेथ मराठी शिकली, बाईंशी अदबीनं वागली. बाईही वागल्या, पण वर्गात नव्या आलेल्या मुलीशी वागावं तशा. ती त्यांना शाळेतल्या मुलींसारखं 'बाई'च म्हणायची आणि बाईंनी तिला कधी दुसरं काही म्हणायला सांगितलं नाही.

जानेवारीत तिची आई गेली. अचानक. लीसबेथला सातवा महिना चालू होता आणि रक्तदाबामुळे डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. आईला निरोप तिनं फोनच्या पडद्यावर दिला. त्या दिवसापासून ती दोन घासांवर उठत होती. वजन वाढत नव्हतं. रडतही नव्हती. अमोघनं दुकानातून चॉकलेटनं माखलेला वॉफल आणला, कारण तिची आई दर रविवारी वॉफल करायची. तिनं एक तुकडा तोंडात घातला, आभार मानले आणि ताटली बाजूला सरकवली.

"मला तिला काहीतरी सांगायचंय," बाई म्हणाल्या. "पण मला ते..."



सिस्टरांनी फडक्याखाली बोट घालून पाहिलं.

"पीठ बघा," त्या म्हणाल्या.

पीठ दुप्पट झालं होतं. वर बुडबुडे आले होते.

वॉफल मेकर तापला. बाईंनी वरखाली लोणी फिरवलं, पळीभर पीठ ओतलं, झाकण लावलं. कडांतून वाफेचा लोट उसळला. तीन मिनिटं झाली, हिरवा दिवा लागला आणि बाईंचा हात आपोआप वर गेला.

"बांगड्या वाजल्या," सिस्टर म्हणाल्या.

पण तोवर झाकण उघडलं होतं. अर्धा वर, अर्धा खाली.

बाईंनी तुकडे लाकडी चमच्यानं खरवडून काढले. त्यांचे कान लाल झाले होते. त्या म्हणाल्या की यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलंय, दिवा लागला की पदार्थ तयार. मग चूक कोणाची?

सिस्टर उठल्या.

"दिवा कुठे आहे? माझं बोट धरून दाखवा."

बाईंनी त्यांचं बोट धरून दिव्यावर टेकवलं. सिस्टरांनी ते उचललं, पातेल्यात बुडवलं, परत दिव्यापाशी नेलं आणि घट्ट पीठ दिव्यावर माखून टाकलं. गरम यंत्रावर ते बघता बघता वाळलं. लाल नाही, हिरवा नाही. काही दिसेना.

"घाला पीठ."

बाईंनी पळी ओतली. झाकण लावलं.

आता बघायला काही नव्हतं. त्यांनी मनात सेकंद मोजायला सुरुवात केली. वाफ भसाभस बाहेर पडत होती, चष्म्यावर येत होती. चाळिसाच्या पुढे कुठेतरी आकडे चुकले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. यंत्रातून चुरचुर ऐकू येत होती, तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखी. मग ती बारीक झाली. वाफेचा लोट पातळ झाला. दुधाचा कच्चा वास गेला आणि लोणी खरपूस होत असल्याचा वास आला.

"आता?" बाईंनी विचारलं.

"मला कशाला विचारता?"

बाई थांबल्या. वाफेची एक दोरीएवढी रेघ उरली... मग तीही तुटली. चुरचुर थांबली. स्वयंपाकघरात इतकी शांतता झाली की बाहेर मोटारपंपाचा आवाज ऐकू आला.

त्यांनी झाकणाला हात लावला. ते हलकं वर आलं. कुठे अडलं नाही, ओढ लागली नाही.

आत अख्खा वॉफल होता. सोनेरी, खोल चौकोनांचा, कडा कडक झालेला.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या निकालांवर टाळ्या वाजवलेल्या सबनीस बाई मोठ्यांदा हसल्या. इतक्या मोठ्यांदा की शेजारच्या खोलीतून दोन तरुण सिस्टर डोकावून गेल्या.

"ताटात नको," सिस्टर सलोमी म्हणाल्या. "जाळीवर ठेवा. ताटात खालून घाम येतो." त्यांनी नखानं वॉफलवर टकटक केलं, कान दिला आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

त्या दुपारी बाईंनी एकामागून एक नऊ वॉफल काढले. एकही फाटला नाही. शेवटचे तीन तर त्यांनी डोळे मिटून काढले. निघताना त्यांनी सिस्टरांना वाकून नमस्कार केला. कोणाला वाकून नमस्कार करून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

बाई पहाटे उठून पीठ भिजवून बसल्या. तासभर त्या खरंच बसल्या. आठ वाजता यंत्र लावलं. दिव्यावरचं वाळलेलं पीठ त्यांनी धुतलं नव्हतं. पहिला वॉफल अख्खा निघाला. दुसरा, तिसरा, सहावासुद्धा. जाळीवर सहा सोनेरी वॉफल मांडलेले होते आणि बाईंना वाटलं, शाळेच्या मैदानात मुलींची एक ओळ चुकूनमाकून सरळ उभी राहिली की असंच वाटायचं.

सातव्याची वाफ अजून जोरात चालू होती, तेव्हा मागे पावलं वाजली.

लीसबेथ दारात उभी होती. केस मोकळे, एक हात पोटावर. महिन्याभरात ती न बोलावता स्वयंपाकघरात आली नव्हती. नुसत्या वासानं आली होती.

बाई तिच्याकडे वळल्या आणि वळता वळता त्यांच्या हातानं झाकण उघडलं.

वाफेचा लोट छतापर्यंत गेला. अर्धा वर, अर्धा खाली.

"हा राहू दे, हा बिघडला," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "ते जाळीवरचे घे."

लीसबेथनं जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पुढे आली, चमच्यानं खालचा मऊ तुकडा सोडवला, या हातातून त्या हातात झेलत फुंकला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग वरचा खरवडून काढला. तोही खाल्ला.

कसा झालाय, हा प्रश्न बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. वॉफल मेकरचं बटण बंद केलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

लीसबेथ स्टुलावर बसली. आधी तिचे खांदे हलले. मग ती रडू लागली, जानेवारीपासून साठलेलं सगळं.

बाई तिच्याजवळ गेल्या. आयुष्यात भाषणं पुष्कळ केलेली, पण आता शब्द मोजकेच आले.

"तुझ्या आईचं मला पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

"मला माहीत आहे."

"ती... वाट बघत होती?"

लीसबेथनं डोळे पुसले. खोटं बोलणं तिला सुचलं नाही.

"हो," ती म्हणाली. "ती म्हणायची, पत्र येईल. उशिरा येईल, पण येईल."

बाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. किती वेळ, ते कोणी मोजलं नाही. अमोघ दूध घेऊन आला आणि पिशवी हातात धरून दारातच उभा राहिला.

नंतर लीसबेथनं जाळीवरचे चार वॉफल खाल्ले, पिठीसाखर भुरभुरून. पीठ संपलंय का, म्हणून पातेल्यात डोकावली. मग बाईंना बाजूला करून तिनंच पळी हातात घेतली आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की बाई लोणी फार कंजूषपणे लावतात. बाईंनी ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी बाईंनी पत्र लिहायला घेतलं. लीसबेथच्या वडिलांना. चार पानं झाली.

दहा दिवसांनी त्या पुन्हा कॉन्व्हेंटमध्ये आल्या, तेव्हा फाटकापासूनच भरभर चालत होत्या. सिस्टर सलोमी व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. बाईंनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. लीसबेथचं वजन सव्वा किलो वाढलं होतं. बाळाची वाढ चांगली होती. तिच्या वडिलांचा फोन आला होता आणि बाळंतपणाला ते स्वतः येणार होते. अमोघ म्हणत होता की घरात आता रविवारचा उपमा कायमचा बंद झाला.

"आणि वॉफल?" सिस्टरांनी विचारलं.

"त्या दिवशी आठ काढले, सिस्टर," बाई अभिमानानं म्हणाल्या. "शेवटचा तर तिनं काढला. सात अख्खे निघाले. नीट, सोनेरी, तुम्ही शिकवलेत तसे. फक्त एक फाटला. ती दारात आली आणि माझं लक्ष गेलं... हात चुकला."

"तो टाकून दिलात?"

"नाही. पहिल्यांदा तिनं तोच खाल्ला."

"सगळा?"

"सगळा. खरवडून."

सिस्टर सलोमींनी चेहरा उन्हाकडे वळवला. 

"मग तेवढा एक नीट झाला," त्या म्हणाल्या.