काठ्यांची अदलाबदल

वेंगुर्ल्याच्या बंदरावर गळ टाकण्याच्या स्पर्धेची नावनोंदणी संपत आली होती आणि नवशिक्या मृदुला केळुसकरचा पाय एका जागी ठरत नव्हता. बोटीवरची नोकरी सोडताना मामाने तिला आपलं बेटकास्टिंग रील, म्हणजे काठीवर बसवायचं गळाची दोरी गुंडाळणारं चाक, दिलं होतं. त्या रीलसाठी तिने सावंतवाडीपर्यंतची दुकानं पालथी घातली आणि खिशाला परवडणारी, पण रील वरच्या बाजूला घट्ट बसेल अशी काठी आणली.

स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचे अध्यक्ष बापूसाहेब तिरोडकर यांनी ती दोन बोटांत धरली.

"असली स्वस्त काठी? स्पर्धेची शोभा जाईल. सगळी करामत काठीत असते, बाई. माझी ही परदेशी काठी कुणाच्याही हातात द्या, गळ सर्वांत लांब जाणार. तुमचं नाव नाही घेता येणार."

जमलेली मंडळी हसली. भरती चढत होती. मृदुलाने रीलची मूठ उगाच गरागरा फिरवली.

"मग आत्ताच बघू," ती म्हणाली. "तुमची काठी मला द्या, माझी तुम्ही घ्या. माझी काठी जिंकली तर माझं नाव लिहा. तुमची जिंकली तर मी घरी जाते."

बापूसाहेब हसत पुढे झाले आणि मध्येच थबकले. जिंकावं, तर स्वस्त काठी चालते हे स्वतःच्याच हातांनी सिद्ध होणार. हरावं, तर सगळ्या बंदरासमोर एका नवशिकीकडून हरणार.

त्यांनी आपली काठी छातीशी धरली.

"लिहा हो यांचं नाव," ते कारकुनाला म्हणाले.

मृदुला तोवर खडकांकडे निघालीसुद्धा होती.