जिच्या नावाचा बार उडाला नाही

एकदा काय झालं, लांब तिकडे खैबरच्या पलीकडे, पठाणांच्या मुलखात एक दरी होती. दरीत एक गाव आणि गावासमोर एक डोंगर. उघडाबोडका, काळा, पण कान असलेला. डोंगराला कान नसतात हे मलाही ठाऊक आहे वेणू, तू गप पड आणि ऐक.

तिथली रीत अशी, की मुलगा झाला की बापानं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढायचं आणि हवेत बंदुकीचे तीन बार काढायचे. डोंगर ते ऐकायचा आणि समजायचा, आला कुणीतरी. मग तो पोरगा मोठा होऊन रानात हाक मारायला लागला, की डोंगर त्याला ओ द्यायचा. मुलगी झाली तर बंदूक खुंटीवरच. डोंगराला पत्ताच नाही. ती किती का ओरडेना, डोंगर गप्प. नाकं मुरडू नका. आपल्याकडे मुलाचे पेढे नि मुलीची जिलेबी, आणि मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकुसा. आपण काही फार दिवे लावलेले नाहीत.

आणखी एक रीत होती, बरं का. बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. अमक्याची लेक, तमक्याची बायको, ढमक्याची आई. थडग्यावरसुद्धा नाव नाही. मग बायका काय करत? डोंगराच्या पायथ्याशी झरा होता. पाण्याला गेल्या की घागर भरता भरता कपारीशी तोंड नेऊन हळूच आपलं नाव सांगून येत. आपल्यालाच विसर पडू नये म्हणून. डोंगर ओ देत नसे. पण नाव पोटात ठेवून घेई.

त्या गावात सरबाजखान नावाचा एक पठाण होता. त्याला मुलीवर मुली. धाकटी झाली तेव्हा त्याची म्हातारी आत्या म्हणाली, "दगड झाला असता तर कुंपणाला तरी लागला असता." आईनं पोरीला पदराखाली घेतलं. भुरभुरणारं काळं जावळ होतं, म्हणून तिचं नाव ठेवलं तोरपेकई, म्हणजे काळ्या बटांची.

मुलगा काही होईना. मग सरबाजखानानं तिथली तिसरी रीत काढली. ज्या घरात मुलगा नाही, तिथं एका पोरीला पोरगा करतात. केस कापतात, सदरा-टोपी घालतात, पोराचं नाव देतात. बहिणींबरोबर बाजारात जायला, शेळ्या वळायला घरात कुणीतरी हवं ना. तोरपेकईचा झाला जांबाज. इथवर ठीक. पण सरबाजखानाला मिजास फार. तो धाब्यावर चढला आणि त्यानं हवेत तीन बार काढले. पठाण बंदुकीनं खोटं बोलला. आणि भोळ्या डोंगराला ते खरं वाटलं.

मग काय विचारता. जांबाज रानात हाक मारी, डोंगर ओ देई. एकदा शेळी हरवली, डोंगरानं कुठल्या घळीत आहे ते सांगितलं. एकदा झरा आटला, डोंगरानं दुसरं पाणी दाखवलं. एकदा बर्फाचा कडा सुटणार होता, डोंगरानं आधीच हाळी दिली आणि पोरानं अख्खा गाव वाचवला. लोक म्हणत, सरबाजखान, नशीब काढलंस, पोरगा हिरा आहे. आणि सरबाजखान मिशीवर ताव देई. पोर जिरग्यातसुद्धा बापाशेजारी बसे. जिरगा म्हणजे तिकडची पंचायत, बरं का. तिथं बाईला मज्जाव.

मग पोर वयात आली. एक दिवस सदरा काढून घेतला, अंगावर चादर घातली आणि दार लावलं. मोठ्यानं हसू नकोस, खिडकीशी उभी राहू नकोस, नाव कुणाला सांगू नकोस. तोरपेकई बापाला म्हणाली, "बाबा, बर्फातून गाव वाचवला तो कोण होता?" बाप म्हणाला, "तो नव्हताच कुणी." आणि जेवायला बसला.

पुढं ऐका. सरबाजखानाच्या भावानं शेताच्या पाण्यावरून भांडून पलीकडच्या घराण्यातला एक माणूस मारला. खुनाला खून व्हायचा, म्हणून जिरगा बसला. त्यांनी ठरवलं, एक पोर देऊन वैर मिटवा. अशी दिलेली पोर म्हणजे नवरी नव्हे रे. तिला वाजंत्री नाही, नवं लुगडं नाही. जुन्या कपड्यात गाढवावर बसवून वैऱ्याच्या दारी सोडायची. जन्मभर तिनं राबायचं आणि मेलेल्याच्या आईच्या शिव्या खायच्या. खून पुरुषानं करायचा आणि फेडायचा पोरीनं. भावाच्या घरी शिनो नावाची चिमुरडी होती, दुधाचे दात पडत होते तिचे. सरबाजखान थोरला, उदार माणूस. तो म्हणाला, माझी धाकटी न्या.

तोरपेकई बायकांबरोबर पाण्याला गेली. तिनं जांबाज म्हणून हाक मारली. डोंगर म्हणाला, "ओ, ये, माझ्या पोटात लपवतो तुला, कुणाला सापडायचा नाहीस. पण जन्मभर जांबाजच राहा." तिनं विचार केला. मग तोरपेकई म्हणून हाक मारली. डोंगर गप्प. पुन्हा मारली. गप्प. घसा सुकेतो मारली. बिचाऱ्याचा काय दोष? त्याला तिच्या जन्माचं कुणी सांगितलंच नव्हतं.

ती घरी आली आणि तिनं खुंटीवरची बंदूक काढली. अंगणात जिरगा बसलेला, गाढव दाराशी बांधलेलं. आई बघत होती. आता आई ओरडेल, असं तोरपेकईला वाटलं. आईनं मागच्या भिंतीला शिडी लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

पोर धाब्यावर चढली. धडाम. "मी तोरपेकई." धडाम. "मी जन्मले." धडाम. "आता तरी ओ दे."

आणि डोंगर बोलला, बाळांनो. आधी तिचं नाव. मग आईचं नाव. मग जी जी बाई त्या झऱ्यावर नाव सांगून गेली होती, तिचं तिचं नाव. जिवंत, मेलेल्या, माहेरवाशिणी, सासुरवाशिणी. साऱ्या दरीत बायकांची नावं दणाणली. पुरुषांनी कानांवर हात ठेवले. पण डोंगराचा आवाज तो, हातांनी थांबतो होय?

मधेच एक नाव आलं, गुलबशरा. सरबाजखान चिडून म्हणाला, "ही कुणाची कोण?"

म्हातारी आत्या म्हणाली, "तुझी आई."



आता तुम्ही म्हणाल, मग त्यांना पश्चात्ताप झाला. ते भटजीबुवांच्या पुराणात होतं. इथं तसलं काही झालं नाही. वैऱ्यांचा म्हातारा उठला आणि म्हणाला, बंदूक धरलेले हात आमच्या चुलीपाशी नकोत, ती भावाची चिमुरडी द्या. तोरपेकई धावत खाली आली. मीच येते, हात बांधून न्या, म्हणाली. कुणी ऐकलं नाही. शिनोला गाढवावर बसवलं. झऱ्यापाशी शिनो म्हणाली, पाणी पिऊ द्या. उतरली, कपारीशी वाकली आणि पाणी न पिताच परत आली.

डोंगर मात्र रोज पहाटे नावं घेऊ लागला. पुरुषांनी कानात कापूस घातला, कापसातून ऐकू येई. ढोल बडवले, ढोलावरून ऐकू येई. मग त्यांनी काय केलं असेल? अख्खा गावच हलवला. चुली, शेळ्या, बायका, वैरीसुद्धा, सगळे उचलले आणि दुसऱ्या एका मुक्या डोंगरामागं जाऊन वसले. आयांची नावं ऐकण्यापेक्षा घरं पाडणं त्यांना सोपं गेलं. तोरपेकई आणि तिची आई तेवढ्या मागं राहिल्या.

डोंगर अजून पहाटे नावं घेतो. सगळ्यात शेवटी म्हणतो, शिनो. मग थोडा थांबतो. पलीकडून ओ येत नाही. मग उजाडतं.

तिकडे ते सगळे सुखानं नांदले म्हणतात. बायका नांदल्या की नाही ते मला ठाऊक नाही. तिकडचा डोंगर बोलत नाही.

झोपा आता. सदू, पाय आवर. आणि वेणू, तोंडावरून पांघरूण काढ. मला तुझं तोंड दिसू दे.