खिंडीतला उजेड

घाटाच्या पायथ्याशी धाकू नावाचा एक चितारी राहत असे. सुतारांनी घडवलेल्या लाकडी खेळण्यांवर रंग चढवणं हा त्याचा धंदा. खेळण्यावर राईएवढी जागा कोरी राहिली, तरी ते परत येई. धाकूचं एकही खेळणं कधी परत आलं नव्हतं.

त्याची बायको भागी सुगीपासून अंथरुणाला खिळली होती. वैद्याने आशा सोडली होती. तिचं माहेर घाटावर. एक दिवस ती म्हणाली, "अहो, ज्या खिंडीतून मी तुमच्या घरी उतरले, ती एकदा बघायची होती."

तिला उचलून अंगणात न्यावं, तर श्वास कोंडे. धाकूने ठरवलं, चित्र काढून खिंडच घरात आणायची.

देवळात एक म्हातारा चित्रकार उतरला होता. धाकू त्याच्यापाशी गेला. "मला रंग लावता येतो," तो म्हणाला. "डोंगर तेवढे शिकवा."

"रंग येतो, बघणं येत नाही," म्हातारा म्हणाला. "डोंगर बघताना छातीत जे होतं, ते कागदावर येऊ दे. आणि उजेड रंगवायचा नसतो. तिथे कागद कोराच ठेवायचा. एकदा रंग लागला, की उजेड गेला."

धाकूचा हात खेळण्यांचा. त्याचे डोंगर ताटात मांडलेल्या लाडवांसारखे दिसत. दुरुस्त करायला जावं, तर सगळा चिखल होई. तो कागद चुरगळून टाकी आणि घरी भागीची नजर चुकवी. तिचा आवाज रोज खोल जात होता.

म्हाताऱ्याचा मुक्काम हलला. जाताना त्याने जवळचा शेवटचा कागद धाकूला दिला आणि तो घाट चढून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू ओढ्याकाठी बसला. समोर खिंड होती. पायात काटा मोडलेला असताना, कुणाला न सांगता लंगडत उतरणारी नवरी भागी त्याला आठवली. हात आपोआप चालू लागला. दोन्ही बाजूंना काळेभोर ओले कडे उभे राहिले. मधे खिंडीत कोरा कागद राहिला आणि त्यातून जणू ऊन सांडू लागलं. धाकू स्वतःच बघत राहिला.

घरी जाताना वाटेत सुतार बुधाजीची पडवी लागली. तिथे चारपाच जण बसले होते.

"धाकू, मधलं उंदरांनी खाल्लं काय रे?" एकाने विचारलं.

"रंग संपला असेल," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

बुधाजी मात्र हसला नाही. तो हळूच म्हणाला, "आजवर कुणाला अर्धवट काम दिलं नाहीस. आणि बायकोला हे देणार?"

म्हाताऱ्याचे शब्द धाकूच्या ओठांवर आले. पण चार माणसांत ते बोलायची त्याला लाज वाटली. तो तिथेच बसला. लाकडी मोराच्या मानेला लावायचा निळा रंग त्याने घेतला आणि खिंड काठोकाठ भरून टाकली.

"आता झालं पुरं," सगळे म्हणाले.

भागीने चित्र हातात घेतलं. बराच वेळ ती बघत राहिली. "कडे तेच आहेत," ती म्हणाली. "पण खिंड कुणी बुजवली, अहो? आता माहेरी जायचं कुठून?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

धाकूने ओल्या फडक्याने निळा रंग पुसला. मग नखाने खरवडला. कागद फाटला, उजेड काही परत आला नाही. दोन दिवसांनी भागी गेली.

तेराव्याला बुधाजी आला. धाकूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "निदान चित्र तरी पुरं करून दाखवलंस, बाबा."

धाकूला कुणावर रागावताही येईना.

तात्पर्य: मनापासून उतरलेलं काम लोकांच्या शब्दाला भिऊन बदलू नये. त्यांना पुरं वाटावं म्हणून आपण जे बुजवतो, ते पुन्हा उघडता येत नाही.