महर्षी सुवर्म्याची क्रौंचमुद्रा

फार पूर्वी, देवासुरांचे युद्ध पेटलेले असताना, शोणभद्रेच्या तीरावर महर्षी सुवर्म्याचा आश्रम होता. आश्रम म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे हरिणे आणि वेली येतात. त्या तिथेही होत्या, पण होमकुंडाशेजारी लोहाराची भट्टीही धगधगत असे! साक्षात विश्वकर्म्याकडून लोहविद्या शिकलेला हा तपोधन योद्ध्यांसाठी कवचे घडवी. तयार झालेले प्रत्येक कवच तो स्वतः अंगावर चढवी आणि पत्नी भद्रिकेकडून छातीवर भाल्याचा घाव घालून घेई. कवच टिकले, तरच त्यावर क्रौंच पक्ष्याची मुद्रा उमटे. ती मुद्रा दिसली की योद्धे दुसरे काही पाहतच नसत.

हे छद्मक नावाच्या असुराला खुपले. तो दरिद्री लोहाराच्या वेशात आश्रमात आला आणि रडू लागला. आपली कवचे चांगली आहेत, पण अनोळखी माणसाकडून ती घेतो कोण, घरी लेकरे उपाशी आहेत, असे त्याने सांगितले. सुवर्म्याचे काळीज लोण्याचे! त्याने मुद्रेचा ठसाच त्याच्या हाती दिला. भद्रिका म्हणाली, "निदान एक कवच तरी पाहून घ्या." त्यावर महर्षी म्हणाला, "उपाशी माणसाची परीक्षा काय घ्यायची?" अहो, दया करावी, पण डोळे मिटून करावी का?

पुढच्याच युद्धात राजा वसुकीर्तीचा तरुण सेनानी जयद्युम्न शत्रूच्या बाणवर्षावासमोर निःशंक उभा राहिला. छातीवर क्रौंच होता ना! पहिल्याच बाणाने छद्मकाने घडवलेले ते ठिसूळ कवच फाटले आणि त्याबरोबर तो वीरही गेला.

संतप्त राजा सैन्यासह आश्रमात आला. भट्टी विझवावी आणि क्रौंचमुद्रा पृथ्वीवरून पुसून टाकावी, अशी त्याने आज्ञा केली. सुवर्म्याचे सारे आयुष्य त्या मुद्रेत होते. छद्मकाचे नाव घेतले असते, तर महर्षी तत्क्षणी सुटला असता. राजाच्या मागे जयद्युम्नाची माता अरुणिका उभी होती. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "माते, ते कवच दुसऱ्याने घडवले. पण तुझा पुत्र त्याच्यावर विसंबला नव्हता, माझ्या मुद्रेवर विसंबला होता. ती मी न पाहता दिली. अपराध माझा आहे."

एवढे बोलून त्याने भट्टी विझवण्यासाठी स्वतःच जलकुंभ उचलला. तोच धूर दुभंगला आणि तेजोमय विश्वकर्मा प्रकट झाला. तो मेघगंभीर स्वराने म्हणाला, "थांब, वत्सा! आजपासून कर्त्याची मुद्रा कर्त्याचीच राहील. जो दुसऱ्याची मुद्रा चोरून किंवा कपटाने मिळवून लोकांना फसवील, तो राजदंडास पात्र होईल, आणि छद्मका, असशील तिथे ऐक, तुझ्या हातचे काहीही टिकणार नाही! परंतु जो आपली मुद्रा न पारखता दुसऱ्याला देईल, किंवा वापरावाचून टाकून देईल, त्याच्या हातून ती निघून जाईल. आणि कवचाला कवच म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांचा. त्या शब्दावर कोणीही आपली मालकी सांगू नये."

छद्मकाकडचा ठसा महर्षीच्या पायाशी ठेवून देव अंतर्धान पावला. राजाने आज्ञा मागे घेतली, पण सुवर्म्याचा हात ठशाकडे जाईना. वर मिळाला म्हणून गेलेला पोर थोडाच परत येणार होता? तो मान खाली घालून बसून राहिला.

तेव्हा अरुणिका पुढे झाली. तिचे डोळे कोरडे होते, रडून रडून आटलेले. ती म्हणाली, "माझा धाकटा पुढच्या पौर्णिमेला रणात जाणार आहे. त्याचे कवच तुम्ही घडवा. आणि त्यावर क्रौंच हवा."

महर्षी ढसाढसा रडला, आणि मग त्याने भट्टीच्या भात्याला हात घातला. तेव्हापासून कारागीर आपल्या वस्तूवर आपली खूण उमटवतो आणि घेणारा आधी ती खूण शोधतो.